सापडू नये म्हणून शोधणाऱ्या मार्थाबाई

मार्थाबाई, आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय. शुक्रवारी संध्याकाळी चष्मा पुसत तुम्ही म्हणालात, "सोमवारी बोलू, क्रांती." रविवारी प्रार्थनेहून घरी आलात, खुर्चीत बसलात आणि गेलात. सोमवारसाठी मी अकरा मुद्दे कागदावर मांडून ठेवले होते. तो कागद पर्समध्ये घेऊनच मी तुमच्या मातीला आले. तुमच्या मंडळींनी गीतं म्हटली. पाळकांनी सांगितलं, की मार्थाबाई फार शांत स्वभावाच्या होत्या. तेव्हा मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आम्ही प्रयोगशाळेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बाटलीवरची चिठ्ठी तिरकी लागली म्हणून ज्यांनी माणसाला शेवगावाहून परत बोलावलं, त्या बाई शांत? नेवाशाहून आलेले बबनराव माझ्या कानात म्हणाले, "दुसऱ्या कुनाच्या मातीला आलो का काय आपण?" बाई, तुमच्या मातीला आम्ही हसलो. माफ करा. नाहीतर रडावं लागलं असतं.

तुमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे पंचाईत असायची. गाईंचा एक रोग आहे. त्यात मेंदूला बारीक बारीक भोकं पडतात, स्पंजासारखी. गाय बिचकते, लडखडते, मागचे पाय फाकून बसते ती पुन्हा उठत नाही. मेलेल्या जनावरांच्या मांसाचा आणि हाडांचा चुरा पेंडीत मिसळून गाईंना खाऊ घातला, म्हणून हा रोग परदेशात पसरला. तिथे तो माणसांपर्यंतही पोचला. लोक त्याला वेड्या गाईचा रोग म्हणतात. तुम्हाला ते नाव आवडायचं नाही. "गाय कशाला वेडी? रवंथ करणाऱ्या जनावराला मांस चारणारा वेडा," असं तुम्ही म्हणायचात. आणि हा रोग आपल्या देशात आजवर आढळलेला नाही. तरी तो ओळखायचा कसा आणि त्याच्यावर नजर ठेवायची कशी, हे तुम्ही गावोगावच्या दवाखान्यांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या माणसांना शिकवत राहिलात. निवृत्तीनंतरही तुम्हाला बोलावणं आलं आणि तुम्ही आलात. सापडू नये असं मनापासून वाटणारी गोष्ट आयुष्यभर शोधत राहणं, असलं काम मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी मला हे पटलं नव्हतं. मी केडगावची. आमच्या घरी खाटेखाली धान्याआधी पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील हमालांसाठी, वीटभट्टीवरच्या बायांसाठी, ज्यांना कुणी विचारत नाही अशा सगळ्यांसाठी पत्रकं लिहायचे. आई त्यांच्या घड्या घालायची. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. नाव क्रांती ठेवलं ते काही हौसेनं नाही. प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि तुमच्या वर्गात पाय ठेवताच मी उभी राहिले आणि विचारलं, की इथे लम्पीनं गोठे रिकामे झाले, लाळ्या-खुरकुतानं जनावरं तडफडतात, आणि जो रोग या मातीत नाहीच तो शोधायला आम्हाला का बसवताय. तुम्ही नाव विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत.

"बरं. क्रांती, आधी हात धू."

मी हात धुऊन आले, तेव्हा तुम्ही फळ्याकडे तोंड करून, जणू फळ्यालाच, विचारलंत, "नाही म्हणालीस. कुठे बघितलंस?" मग तुम्ही वर्गाला सांगितलंत, की 'नाही' हा शब्द घरी बसून म्हणायचा नसतो, बघून आल्यावर म्हणायचा असतो. आपल्या देशात हा रोग नाही, असं जगाला सांगायचा हक्क आपल्याला रोज नव्यानं कमवावा लागतो, आणि तो तुमच्यासारख्यांच्या हातांनी कमवायचा आहे. मी अनेक सभा ऐकल्यात, बाई. एवढ्या हळू आवाजात एवढं मोठं भाषण ऐकलं नव्हतं.

तुमची शिकवायची रीत मला अजून दिसते. सकाळी तुम्ही स्वतः बाजारातून बोकडाची मुंडकी घेऊन यायचात. मेलेल्या गाईचं डोकं रोज कुठून आणणार, म्हणून सराव बोकडावर. कवटीच्या मागे जिथून मज्जारज्जू आत शिरतो त्या भोकातून लांब दांड्याचा चमचा घालायचा, हाडाच्या कडेकडेनं फिरवायचा, आणि मेंदूचा देठ न फाडता अख्खा बाहेर काढायचा. त्या देठावर एक खाच असते, नखाएवढी. रोग असला तर तो आधी तिथे दिसतो. बाकी मेंदू आणला आणि ती जागा आणली नाही, तर काय? तुम्ही म्हणायचात, "लग्नाला जाऊन जेवून आलात, नवरदेव बघितलाच नाही."

नेवाशाच्या दवाखान्यातले बबनराव माळकरी. पहिल्या दिवशी ते मुंडक्यांपासून चार हात लांब उभे राहिले आणि हळूच माळेकडे हात नेला. तुम्ही तिथूनच म्हणालात, "बबनराव, माळ काढायची नाही. हातमोजे घालायचे." वर्ग हसला, बबनरावही हसले. पुढे त्यांच्याइतका स्वच्छ देठ कुणालाच काढता आला नाही. मलाही नाही. तुम्ही हे मला तीनदा ऐकवलंत.

आणि शनिवारची पेटी. दहा काचा, एकावरही खूण नाही. त्यांत तुम्ही परदेशातल्या प्रशिक्षणाहून आणलेली रोगाची काच मिसळायचात, कधी एक, कधी दोन. आम्ही एकेक काच सूक्ष्मदर्शकाखाली घालून उत्तर लिहायचं. एका शनिवारी आम्ही सहाजणांनी मिळून तीन काचांवर रोग शोधला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की आज एकही घातली नव्हती. बबनराव म्हणाले, "बाई, ही फसवणूक झाली." तुम्ही म्हणालात, फसवलं मी नाही, तुमच्या हौसेनं फसवलं. डोळ्याला जे हवं असतं ते डोळा काढून दाखवतो. त्या दिवशी मला ती गंमत वाटली होती.

तुमच्याबद्दल सगळं गोडच लिहायचं नाही, हेही तुमच्याकडूनच शिकले. वर्गाची पुस्तिका मी लिहिली आणि तुम्ही तिची चाळणी केलीत. जिथे मी 'कदापि' लिहिलं तिथे तुमच्या लाल पेन्सिलीची रेघ. जिथे उद्गारचिन्ह, तिथे टोचा. पेंडीत हाडांचा चुरा मिसळणाऱ्यांविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं, एका व्यापाऱ्याचं नाव घालून. तुम्ही म्हणालात, पोतं आण. मी पोती आणली. आपण दोघींनी ती पेंड चिमटीचिमटीनं सूक्ष्मदर्शकाखाली घातली. भुसा निघाला, सरकी निघाली, चुना निघाला, हाड निघालं नाही. मी पत्रक फाडलं. नाव वगळून तरी ते काढावं, असं मी म्हणत राहिले. तुम्ही 'थांब' म्हणत राहिलात. तुमचं ते थांबणं मला आजही चूक वाटतं. सावध करायला पुरावा कशाला लागतो? यावरही आपण पुन्हा भांडणार होतो.

पण खरं भांडण हिराबाईंच्या गाईचं.

हिराबाई नेवाशाच्या पुढे प्रवरेकाठी राहतात. नवरा गेल्यावर चार गाईंवर घर चालवलं. त्यांतली सगळ्यांत म्हातारी गाय लडखडायला लागली, पाणी बघून नाही पण माणूस बघून दचकायला लागली, आठवड्यानं बसली आणि मेली. नमुना बबनरावांनी घ्यायचा, पण ते रजेवर होते, म्हणून मी गेले. गावातल्या कुणीतरी मोबाईलवर 'वेडी गाय' असं पसरवलं होतं. गोठ्याभोवती माणसं जमली होती. लांबून हात दाखवत होती. डोकं वेगळं करणाऱ्या माणसानं घाईत सुरी मानेकडे खाली चालवली. मी त्याला थांबवलं नाही. मलाही घाई होती. मी चमचा घातला, जे आलं ते दोन भाग करून एक बर्फात आणि एक फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं, छोट्या मेंदूचा तुकडा पिसाळल्याच्या तपासणीसाठी घेतला आणि उरलेलं डोकं आणि धड तिथेच लाकडं रचून जाळायला लावलं. सगळं पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. पुस्तिका मीच लिहिली होती ना.

पिसाळल्याची तपासणी स्वच्छ आली. पण तोवर दूध संकलन केंद्रानं हिराबाईंच्या उरलेल्या तीन गाईंचं दूध घेणं बंद केलं होतं. त्या रोज कॅन घेऊन जायच्या आणि रोज परत आणायच्या. त्यांनी मला फोन केला. "बाई, रोग न्हाई असा कागद द्या. तेवढा एक कागद द्या, मंग घेत्याल." मी म्हटलं, देते. मी काच बघितली. पेशी नीट, भोकं नाहीत. फॉर्मवर लिहिलं, 'रोग आढळला नाही', आणि पडताळणीच्या सहीसाठी तुमच्या टेबलावर ठेवलं.

तुम्ही मला बोलावून त्याच काचेसमोर बसवलंत. काय दिसतंय, विचारलंत. मी म्हटलं, काही नाही, स्वच्छ आहे. तुम्ही म्हणालात, रोग सोड, आकार सांग. मी पुन्हा बघितलं. मधोमध करड्या रंगाचं फुलपाखरू पंख पसरून बसलं होतं. हे फुलपाखरू कुठे असतं ते पहिल्या आठवड्यातल्या पोरालाही सांगता येतं. ते मज्जारज्जूत असतं. मी मेंदूचा देठ आणलाच नव्हता. मानेतला तुकडा आणला होता. बर्फातला भागही तोच. आणि डोक्याची राख झाली होती.

"तू रोग बघायला बसली नव्हतीस, क्रांती. तू 'नाही' बघायला बसली होतीस."

तुम्ही हे रागानं म्हणाला असतात तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन हिराबाईंच्या गावी गेलात. मला वाटलं, माझी चूक सांगायला. पण तुम्ही थेट संकलन केंद्रात शिरलात. तिथल्या तात्यांना सांगितलंत, की हा रोग असला तरी दुधातून पसरत नाही, पिसाळल्याची शंका तपासून संपली आहे, आणि तशा अर्थाचं पत्र तुम्ही सहीनिशी आणलं आहे. तात्या म्हणाले, कागदाचं ठीक हाय, पण लोकांच्या मनाचं काय. तुम्ही म्हणालात, मग चहा ठेवा, हिराबाईंच्या दुधाचा. तात्यांनी चिमटा काढला, "बाई, कच्चंच प्या की, भरवसा हाय तर." तुम्ही म्हणालात, "कच्चं मी देवाघरचंसुद्धा पीत नाही. उकळा." केंद्रावरची माणसं हसली. चहा झाला, आधी तुम्ही प्यालात, मग मी, मग तात्या, मग हळूहळू सगळे. संध्याकाळी हिराबाईंचं दूध घेतलं गेलं. जे खरं माहीत होतं तेवढ्याच बळावर तुम्ही हिराबाईंचं काम केलंत. मी खोट्यावर करायला निघाले होते.

तरीही मी भांडले. शुक्रवारी मी म्हटलं, आता दुधाचा प्रश्न मिटला, मग फॉर्मवर 'नमुना अयोग्य' कशाला? गाय म्हातारी होती. तिनं जन्मात पोत्यातली पेंड खाल्ली नव्हती, कडबा आणि उसाच्या वाढ्यांवर वाढली. तिला हा रोग असेल कशाला? वरून आधीच विचारणा चालू आहे, की नसलेल्या रोगाचा वर्ग चालवायचा कशाला. आता आपणच लिहून द्यायचं, की आमच्या शिकलेल्या माणसाला नखाएवढा तुकडा आणता येत नाही? वर्ग बंद होईल. एका गाईपेक्षा वर्ग मोठा आहे. मोठ्या कामासाठी एखादी ओळ...

हे मी म्हटलं, बाई. पत्रकांच्या गठ्ठ्यावर झोपून वाढलेल्या पोरीनं.

तुम्ही एवढंच विचारलंत, की तुझ्या वडिलांनी असं पत्रक कधी काढलं होतं का. ते मला झोंबलं. आणि मग मी ते बोलले जे मला आता रोज सकाळी दात घासताना आठवतं. मी म्हटलं, "तुमचं काय जातंय? तुमचं नाव स्वच्छ राहील. नोकऱ्या आमच्या जातील." तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात, पुन्हा लावलात. उत्तर द्यायचं तुम्ही सोमवारवर ढकललंत. तुम्ही काय म्हणाला असतात, याचे मी आठ दिवसांत कितीतरी मसुदे केले. एकही तुमच्यासारखा होत नाही. तुमची वाक्यं फार लहान असायची.

सोमवार आला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांचे डोळे खरंच सुजलेले होते, त्यांनाही तुम्हीच शिकवलं होतं. मग त्यांनी तो फॉर्म पुढे केला. त्यावर माझं 'रोग आढळला नाही' तसंच होतं, पडताळणीची जागा रिकामी. ते म्हणाले, बाई आता नाहीत, तिथे मी सही करतो, विषय संपवू. गाईनं पेंड कधी खाल्ली नाही, रोग असणार नाहीच. अयोग्य लिहिलं तर वर्ग बंद करायला वरच्यांना निमित्त मिळेल. "बाईंच्या वर्गासाठीच म्हणतोय मी."

माझे अकरा मुद्दे होते ते. एकेक. त्यांच्या तोंडून क्रमानं येत होते. मी ते ऐकत होते आणि मला कळत होतं, की हे किती सभ्य वाटतात, आणि किती वाईट आहेत. तुम्ही समोर असताना मला ते कळलं नव्हतं. तुम्ही असताना मला जिंकायचं होतं.

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: 'नमुना अयोग्य. आवश्यक भाग घेतला गेला नाही. निष्कर्ष काढता येत नाही. चूक नमुना घेणाऱ्याची.' त्याखाली नाव लिहिलं आणि सही केली. साहेबांनी ते वाचलं. मग त्यांनीही सही केली. म्हणाले, "त्यांचीच आहेस."

बाई, गुरुवारी पत्र आलं. पुढची तुकडी तूर्त स्थगित. म्हणजे कागदाबद्दल तुम्ही बरोबर होतात आणि वर्गाबद्दल मी. दोघीही बरोबर, आणि वर्ग बंद. असा निकाल लागल्यावर भांडायचं कुणाशी, हे तुम्ही सांगून जायला हवं होतं. मी वर अर्ज केलाय. उद्गारचिन्ह एकही नाही. 'कदापि' एकदाही नाही. तो मान्य होईल की नाही ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही असं लिहायची मला आता लाज वाटत नाही.

काल मी त्या अहवालाची प्रत घेऊन हिराबाईंकडे गेले. त्यांना ती देणं नियमात बसतं. न दिली असती तरी त्यांनी मागितली नसती. दूध चालू झालंय, त्यांचा विषय मिटलाय. त्या गोठा झाडत होत्या. मी कागद वाचून दाखवला. त्या खराटा टेकवून ऐकत राहिल्या.

"म्हंजी तिला काय झाल्तं ते तुमाला म्हाईत न्हाई."

मी म्हटलं, नाही.

"आन् आता कळायचं बी न्हाई."

नाही. माझ्यामुळे. मी चुकीचा तुकडा घेतला.

त्यांनी गाईला तेरा वर्षं सांभाळलं होतं. ती कशानं गेली हे त्यांना कधीच कळणार नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या दारात उभं होतं. मी शिव्यांची वाट बघत होते. त्यांनी उरलेल्या गाईंपैकी एकीच्या पाठीवर हात ठेवला, माशी उडवली.

"हिचं काय बिघडलं तर मी तुलाच बोलवीन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाला न्हाई. चुकले म्हनून सांगाया आजवर हितं कुनी आलं न्हाई."

त्या मला 'तू' म्हणाल्या, बाई. याआधी 'तुमी' म्हणायच्या. मी मान हलवली. परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की मी त्यांना 'चुकले' म्हटलं, साहेबांच्या कागदावर लिहून दिलं, अर्जातही कबूल केलं. ज्यांना सगळ्यांत आधी म्हणायला हवं होतं, त्यांना म्हटलंच नाही. त्या शुक्रवारी दारापर्यंत जाऊन मी वळले होते. तुम्ही दिवा बंद करत होतात. दोन शब्द होते, मी ते सोमवारसाठी ठेवले.

चुकले, बाई.